शालींची गोधडी

माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर कुणी शाल टाकली की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, बाई विचित्र आहे. नवऱ्याचा सत्कार चाललाय, टाळ्या वाजताहेत आणि ही पहिल्या रांगेत तोंड वाकडं करून बसलीय. बसते. माझं तोंड आहे, मला हवं तसं ठेवीन.

माझा नवरा संदेश लोणावळ्यात बंगल्यांच्या वायरिंगची कामं करतो. ते पोटासाठी. बाकी तो दरीचा माणूस. पावसाळ्यात पर्यटक येतात, कड्याच्या टोकाशी उभे राहून फोटो काढतात, धुक्यात कुणाचा तरी पाय घसरतो आणि कैलासभाऊंचा फोन वाजतो. कैलासभाऊंनी वीसेक वर्षांपूर्वी गावातली पोरं गोळा करून बचाव पथक उभं केलं. पगार नाही, भत्ता नाही. फोन आला की हातातलं काम टाकायचं, दोर घेऊन पळायचं आणि खाली जो असेल त्याला वर आणायचं. जिवंत असला तर नशीब. बहुतेक वेळा नसतो.

पथकाचा एक नियम आहे. वर आलं की कैलासभाऊंच्या परसातल्या नळावर हातपाय धुवायचे, एकेक कप चहा प्यायचा आणि काय पाहिलं ते कुणी बोलायचं नाही. घरी तर नाहीच नाही. ‘दरीतलं दरीत’ असं भाऊ म्हणतात. नव्या माणसाला गाठ मारायला शिकवण्याआधी ते हे शिकवतात. बायकापोरांना ताप नको, हा त्यामागचा हेतू. हेतू काय, सगळ्यांचेच चांगले असतात. मला हेतूचं कौतुक सांगू नका.

गेल्याच्या आधीच्या श्रावणात कॉलेजातली एक मुलगी घाटाच्या कड्यावरून घसरली आणि अर्ध्यावर एका खडकाला अडकली. संदेश सगळ्यांच्या आधी उतरला. ती शुद्धीत होती, बोलत होती. तिने त्याचा हात धरला. ‘दोन मिनिटं ताई, स्ट्रेचर येतंय,’ असं तो तिला म्हणत राहिला. पण धुकं इतकं दाट होतं की वरच्यांना खालचं काही दिसेना. स्ट्रेचर आलं तेव्हा ती गेलेली होती.

हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी पाहिलं ते एवढंच, की नवरा घरी आला, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पेपरात फोटो आला, आठवड्याभरात शालही आली. झोप मात्र गेली ती गेलीच. धुकं उतरलं की हा काम अर्धवट टाकून घरी यायचा. कुकरची शिट्टी झाली की चटका बसल्यासारखा ओरडायचा. त्या कॉलेजच्या मुलीच्या मरणाचं त्याने मनाशी एकच गणित मांडलं होतं आणि ते कुणाला दाखवत नव्हता.

आमची चैताली सात वर्षांची. रस्ता ओलांडताना तिने सवयीने बापाचा हात धरला की तो झटकन काढून घ्यायचा. तो रागावला म्हणून ती आधी रडायची. मग एक दिवस तिने मला भाकरी थापताना विचारलं, “मम्मी, पप्पांच्या हातात करंट आहे का?”

वायरमनची पोरगी ती. तिला तेच सुचलं. मी तवा उतरवला आणि ठरवलं, आता हे पुरे.

मी तळेगावजवळ नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तळेगावच्या, मनाचे आजार बघणाऱ्या मानसी मॅडमचं नाव दिलं. त्या दर गुरुवारी बसतात. संदेश पहिल्यांदा म्हणाला, “मी काय येडा हाय का?” मी म्हटलं, “तू नाहीस, पण मी होईन. माझ्यासाठी चल.” तो माझ्यासाठी आला. नवऱ्यांना स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला कमीपणा वाटतो, बायकोवर उपकार करायला वाटत नाही.

मॅडमचं काम ऐकायला साधं आणि बघायला भयंकर. डोळे मिटायचे आणि त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, आत्ता घडतंय असं सांगायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज संध्याकाळी ऐकायचं. जिथं मन पळतं तिथंच त्याला हळूहळू उभं करायचं, म्हणजे त्याला कळतं की ते घडून गेलेलं आहे, आता घडत नाहीये.

मी मॅडमना तोंडावर विचारलं, “याने गुण येतो, की नुसतं आपलं समाधान?”

त्या चिडल्या नाहीत. “सगळ्यांना येतो असं म्हणणार नाही. पण मध्ये न सोडता पूर्ण केलं तर निम्म्याहून जास्त लोकांना चांगला फरक पडतो. हे मी मनाने सांगत नाही, तपासून पाहिलेलं आहे. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो. तेव्हा घरच्यांनी घाबरून थांबवायचं नाही. तेवढं सांभाळाल का?”

मी हो म्हटलं. पण घरात मी एकटी थोडीच होते.

माझ्या सासूबाई, बयाबाई, टाकवे गावच्या. सगळा जन्म भातशेतीत गेला. देवऋषी आणि अंगारा आमच्या घराने छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच सोडला. त्या रोज सकाळी वंदना म्हणतात, कुणी लिंबू उतरवायला सांगितलं तर त्याला दारातून हाकलतात. पण ‘बोललं की दुखणं वाढतं’ ही समजूत मात्र त्या घट्ट धरून होत्या. मागच्या खोलीतून रोज संध्याकाळी पोराचं फोनमधलं रडणं आणि खरं रडणं, दोन्ही एकदम ऐकू यायचं. म्हातारी उंबऱ्यात बसून पदराचं टोक पिळत राहायची. तिचाही मला राग येत होता आणि तिची कीवही येत होती.

त्याच सुमाराला तुंगार्लीच्या एका रिसॉर्टमध्ये पथकासाठी शिबिर झालं. पोरांवर ताण आहे असं कुणा पुढाऱ्याच्या कानावर गेलं होतं म्हणे. पुण्याहून एक सर आले. कानाला माईक, पांढरे बूट. एका दुपारीत त्यांनी सगळ्यांची मनं दुरुस्त केली. आधी हसायला लावलं, मग एकमेकांना मिठ्या मारायला लावल्या, मग म्हणाले, “मन म्हणजे मोबाइल आहे मित्रांनो. नको ते डिलीट मारा.” मग एकेकाला पुढे बोलावून सर्वात वाईट आठवण सांगायला लावली. संदेशचा नंबर आला. तो कसाबसा चार वाक्यं बोलला आणि पांढरा पडला. टाळ्या झाल्या. नारळ, शाल, फोटो, पुलाव. मागचा बॅनर मात्र सुंदर होता, त्यावर कमळ होतं.

मी नंतर एकाला विचारलं, हे सर परत कधी येणार? तो म्हणाला, परत कशाला? झालं की.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी कैलासभाऊंना बोलावून घेतलं. मी कंपनीच्या बसमधून उतरून घरात शिरले, तर भाऊ मधल्या खोलीत उभे होते आणि त्यांच्या हातात संदेशचा फोन होता.

“वहिनी, ह्यो काय खेळ लावलाय तुमी?” ते म्हणाले. “वाघासारखा मानूस, रोज पोरीवानी रडतोय. सर काय म्हनाले? नको ते डिलीट. ह्ये बगा, मारलं.”

“भाऊ, थांबा.”

“झालं बी. त्या कचऱ्याच्या डब्यातनं बी काडलं. आता मोकळा झाला त्यो.”

सासूबाईंनी डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. मी संदेशकडे बघितलं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. परीक्षा रद्द झाल्यावर शाळकरी पोराच्या चेहऱ्यावर असते तशी.

“सगळ्यांसमोर बोललो, रेकॉर्डिंग बी गेलं,” तो रात्री जेवताना म्हणाला. “आता तळेगावला जायचं न्हाई.”

मी खूप बोलले. समजावलं, भांडले, रडले. गुरुवार आला तसा गेला. दोन दिवस तो खरंच बरा दिसला, आणि सासूबाई माझ्याकडे ‘बघ, मी म्हणत नव्हते’ अशा नजरेने बघू लागल्या. मग रविवारी बाजारातून येताना चैताली पायऱ्यांवर अडखळली आणि तिने आधाराला बापाचा हात पकडला. त्याने हात झटकला. ती हनुवटीवर आपटली. टाके पडले. दवाखान्यात तो बाहेरच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

टाके घातलेली पोर सासूबाईंच्या मांडीवर दिली आणि तशीच कैलासभाऊंच्या घरी गेले. भाऊ ओट्यावर बसून दोर तपासत होते. बोटांमधून दोर सरकवत वीतवीत चाचपायचा, कुठं झिजलाय का बघायचं. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

“या वहिनी. बसा.”

“बसायला नाही आले. एक विचारते. माणूस दरीत अर्ध्यावर लटकलेला असताना वरून दोर कापता का तुम्ही?”

“काय बोलताय?”

“तेच केलंत. तो त्या मुलीपाशी परत उतरत होता. मॅडमनी दोर धरला होता. त्याला रडताना बघवत नव्हतं तुम्हाला, म्हणून कापलात. माझ्या पोरीच्या हनुवटीला आज टाके पडलेत, कारण बापाला तिचा हात धरवत नाही. हे तुमच्या शिबिरातल्या सरांना कळवा. त्यांच्या बॅनरवर घाला.”

भाऊंचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत, हेच तर दुखणं आहे. वाईट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

“वहिनी, म्या त्याला लेकरावानी मानतो,” ते हळू म्हणाले. “पर आमी बी लय बघितलंय. ईस वरसं. कुनाफुडं रडाया गेलो न्हाई, कुना मॅडमकडं गेलो न्हाई. मला काय झालंय? खडखडीत हाय का न्हाई?”

“खडखडीत?”

हा आवाज घरातून आला. त्यांच्या बायको, मुक्तावहिनी, दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पथकाच्या कुठल्या गोष्टीत तोंड घातलेलं मी ऐकलं नव्हतं. चहा करायच्या, कप विसळायच्या आणि आत जायच्या. त्या आत गेल्या आणि हातांत मावत नव्हती एवढी एक गोधडी घेऊन बाहेर आल्या. ओट्यावर टाकून त्यांनी ती उलगडली. वर सगळ्या सत्काराच्या शाली होत्या. जांभळी, तपकिरी, जरीच्या काठाची, एकावर कुठल्याशा मंडळाचं नाव. एकीला एक जोडून टाके घातलेले.

“पेटीत माईनात, म्हून शिवली,” त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “ह्याच्याखाली तुमी एक रात तरी झोपलाय का? सांगा वहिनीस्नी. समदं गाव घोरतं आन् ह्यो मानूस हितं ओट्यावर बसून दोर चाचपतो. नव्या दोराला बी चाचपतो. चार वाजता टपरी उगडली की तितं जाऊन बसतो. काय झालं म्हून इचारलं तर म्हनतो, दरीतलं दरीत. मंग वर आलंय कोन, त्ये तरी सांगा मला.”

कैलासभाऊंच्या बोटांतला दोर सरकत राहिला. मुक्तावहिनींनी गोधडीची घडी घातली नाही, तशीच ठेवून आत गेल्या.

मी आले होते भांडायला आणि उभी राहिले खुळ्यासारखी. राग गेला नव्हता, उलट वाढला. पण आता तो एकट्या भाऊंवर राहिना. वीस वर्षं या माणसाला लोकांनी स्टेजवर बोलावलं. आमदार, नगरसेवक, मंडळवाले, सगळे त्याच्या गळ्यात पडले. एकानेही विचारलं नाही की बाबा, तुला झोप लागते का? झोप लागत नाही याला ते ‘सदैव सज्ज’ म्हणत होते. निमंत्रणपत्रिकेवर छापत होते.

पुढच्या गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. संदेश येईल का नाही, याचा भरवसा नव्हता. तो चप्पल घालत होता, काढत होता. तेवढ्यात दारात कैलासभाऊ. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर पाणी लावून बसवलेले केस.

“चल रं,” ते म्हणाले. “मी बी येतो. पुसलंय म्या, तवा सांगाया म्याच पायजे.”

आम्ही तिघं लोकलने तळेगावला गेलो. भाऊ मॅडमसमोर उभे राहिले आणि शाळेत कबुली द्यावी तसं म्हणाले, “त्ये रेकॉर्डिंग म्या पुसलं. चुकी झाली.” मॅडम म्हणाल्या, “पुसलं तर पुसलं. संदेशदादा, पुन्हा करू.” मला वाटलं होतं त्या तरी रागावतील. पण एवढा राग या कामाला परवडत नसावा.

संदेश आत जाण्याआधी भाऊंनी विचारलं, “मंग आता दर बारीला समद्या पोरांना बसवून बोलतं करू का? म्हंजे कुनाला ह्यो तरासच व्हनार न्हाई.”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “लगेच सगळ्यांना जबरदस्तीने बोलायला लावून रोग टळत नाही. काहींचं तर बिघडतं. बरेच जण आपापले सावरतात. ज्याला बोलावंसं वाटेल त्याला मात्र गप्प बसवू नका, तुमचा तो नियम काढून टाका. आणि महिन्याभराने बघा, कोण झोपत नाही, कोण काम टाळतोय, कोण घरी उगाच ओरडतोय. त्याला तेव्हाच माझ्याकडे पाठवा. वर्ष घालवू नका.” मग म्हणाल्या, “तुम्ही कसे झोपता, कैलासभाऊ?”

भाऊ वर पंख्याकडे बघत राहिले. “चालतंय,” म्हणाले. मग म्हणाले, “पुढच्या बेस्तरवारी टाइम हाय का?”

संदेशने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा रोज संध्याकाळी मागच्या खोलीतून आवाज. या वेळी सासूबाईंना मी जवळ बसवून घेत होते, लसूण सोलायला देत होते. “ऐकवत न्हाई गं,” त्या म्हणायच्या. “तुम्ही ऐकू नका, त्याला ऐकू द्या,” मी म्हणायचे. रडणं हळूहळू कमी झालं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की तो नुसता ऐकतोय, कंटाळलेल्या माणसासारखा.

दिवाळीनंतरचा गुरुवार होता. मॅडमकडून निघून आम्ही तळेगाव स्टेशनात बाकावर बसलो होतो. संदेश म्हणाला, “अगं, हात मी सोडला नव्हता.”

मी त्याला बोलू दिलं.

“तिला दोराची गाठ मारायला मी हात काढून घेतला आन् तेवढ्यात ती गेली, असंच मला वाटत हुतं. म्हंजे मी सोडला म्हणून गेली. आज सांगताना मधेच आठवलं. तिचा हात आधीच सैल पडला हुता. तिच्या मुठीतनं माझी बोटं सुटली म्हणून तर मी गाठ मारायला लागलो. ती आधी गेली. मी नंतर सोडला.”

वर्षभर हे त्याच्याच डोक्यात होतं. ‘मी सोडला म्हणून गेली’ हे धुक्यासारखं समोर आलेलं एक वाक्य बाजूला व्हायचं होतं फक्त. आणि ज्या दिवशी भाऊंनी रेकॉर्डिंग पुसलं, त्या दिवशी तो या आठवणीच्या किती जवळ होता कोण जाणे. मी रेल्वेच्या बाकावर बसून हमसाहमशी रडले. आनंदाने म्हणाल तर आनंदाने, पण निम्मा संताप होता. अशा किती जणांची अशी किती वाक्यं त्या परसातल्या नळाखाली धुऊन गेली असतील?

जानेवारीत पुन्हा सत्कार. मोठा हॉल, मोठे पाहुणे. कैलासभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितले. ते कधी दोनाच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशी माईक धरून म्हणाले, “शाली लय झाल्या. आता येक खोली द्या. तळेगावच्या मॅडम आठवड्यातनं येक दिस हितं बसत्याल. माज्या पोरांसाटी. आन् मला बी लागती, म्या बी जातो.”

मुक्तावहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं. प्रमुख पाहुणे हसले. “जरूर, जरूर, बघू आपण,” म्हणाले. मागून कुणीतरी शाल पुढे केली आणि त्यांनी ती भाऊंच्या खांद्यावर टाकली. फोटो निघाले. टाळ्या झाल्या.

खोली अजून मिळालेली नाही. मी दर आठवड्याला त्या पाहुण्यांच्या कार्यालयात जाऊन विचारते. तिथल्या शिपायाला माझा आवाज जिन्यावरूनच ओळखू येतो, आणि येऊ दे.

सत्काराच्या त्या दिवशी स्टेजच्या पायऱ्या लाकडी होत्या, डुगडुगणाऱ्या. फोटोसाठी वर गेलेली चैताली खाली उतरायला बापाशेजारी उभी राहिली आणि टाके पडल्यापासून लागलेल्या सवयीने तिने त्याच्या शर्टाचं टोक धरलं. हात धरायचा नाही, हे ती शिकली होती. सात वर्षांची पोर. संदेशने वाकून ते टोक तिच्या मुठीतून सोडवलं आणि आपला हात तिच्यापुढे उघडा धरला.

तिने आधी एका बोटाने तळहाताला हळूच शिवून बघितलं. मग धरला.